स्वयंसेवक टिकवायचे तर आधी ग्रुप आवरा

विसर्जनाला नाशिकच्या गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायला माणसं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती दिवाळीनंतर. मग संस्थांची ‘लोकांत उत्साहच उरला नाही’ अशी कुरकुर सुरू होते. अशा एखाद्या संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा: सुप्रभात, वाढदिवस, फॉरवर्ड आणि मध्येच कुठेतरी ‘उद्या सकाळी सातला सगळ्यांनी यावे’. कुठे, कशासाठी, कोणाला भेटायचं, काही पत्ता नाही.

१. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी, म्हणजे एका छताखाली अनेक ग्रुप, बनवा. सूचनांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितील. गप्पांचा ग्रुप वेगळा. ट्रेलो, स्लॅक वगैरेच्या नादी लागू नका, नवं ॲप म्हटलं की निम्मे लोक तिथेच गळतात.

२. नोंदणीला गूगल फॉर्म. नाव, नंबर, राहण्याचा भाग, मोकळी वेळ. आधार क्रमांक कशाला हवा?

३. कामांची गूगल शीट. गाडी अडते ती इथे, माझीही बरेच दिवस अडायची.

‘घाट स्वच्छता’ हे काम नव्हे. ‘गौरी पटांगण, रविवार, सकाळी ७ ते ८.३०, निर्माल्यातून प्लास्टिक वेगळं करणे, ३ जण’ हे काम. एका ओळीत एकच काम आणि शेवटी नावांचा रिकामा रकाना. अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला माणूस ते वाचून दोन मिनिटांत ठरवू शकतो, जमेल की नाही. नाव ज्याचं त्यानेच लिहायचं. तुम्ही परस्पर नावं टाकलीत तर ती सक्ती वाटते, आणि सक्तीच्या कामाला ऐनवेळी पोट दुखतं. ग्रुपवरच्या पोलवर तर मुळीच विसंबू नका. ‘येतो’वर बोट टेकवायला काय जातं? पोल तारीख ठरवण्यापुरता ठेवा.

शीट सगळ्यांना बदलायला मोकळी ठेवलीत की कोणाच्या तरी अंगठ्याने आख्खी ओळ उडणार, हे धरून चाला. नावांचा रकाना सोडून बाकी शीट संरक्षित करा. ही सोय मोबाईल ॲपमध्ये नाही, संगणकावरूनच करावी लागते. तरीही घोळ झालाच तर ‘व्हर्जन हिस्टरी’तून जुनी शीट परत आणता येते. फोन नंबर या शीटमध्ये टाकू नका, बायका-मुलींचे तर नाहीच नाही.

ज्येष्ठ मंडळी शीट उघडणार नाहीत. त्यांना फोन लावा, विचारा आणि नाव तुम्ही लिहा. ‘आता सगळ्यांनी शिकायलाच हवं’ हा हट्ट धरून भरवशाची माणसं घालवू नका.

४. काम झालं की त्याच संध्याकाळी दोन फोटो आणि किती पोती भरली ते टाका.

५. सलग दोनदा न आलेल्याला ग्रुपवर टोमणा मारायचा नाही, फोन करायचा. ‘का आला नाहीत?’ने सुरुवात करू नका. घाटावर येणं जमत नसेल तर घरबसल्या होणारं काम द्या: शीट सांभाळणं, पोस्टर करणं, फोन करणं. कोणाला थांबायचंच असेल तर नोंदणीच्या यादीत नावापुढे ‘सध्या सुट्टी’ लिहा. नाव खोडू नका आणि ग्रुपमधून काढूही नका. दिंडोरी-पिंपळगावकडची मुलं द्राक्षांच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिसणारच नाहीत. त्या दिवसांत त्यांना वेगळ्या फोन-मेसेजचा मारा नको. माल निघाला की मे महिन्यात एक फोन करा.