व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे?

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी पुण्यात स्त्री-अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा सोलापुरातल्या आमच्या घरातून पहिला प्रश्न आला तो ‘यात शिकायचे काय असते?’ असा. पहिले सत्र संपेपर्यंत मलाही त्याचे धड उत्तर देता येत नव्हते. वर्गात इतिहासाची एक, मराठी साहित्याच्या दोघी, कायद्याचा एक मुलगा आणि ताळेबंद जुळवण्यात तीन वर्षे घालवलेली मी, अशी मंडळी होती. थोडा इतिहास, थोडे समाजशास्त्र, थोडे साहित्य चाखायला मिळणार, अशी माझी समजूत होती. या विषयाकडे वळणाऱ्यांपैकी बहुतेकांची तशीच असते आणि ती जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

हा विषय अनेक ज्ञानशाखांच्या वाटेवर का आला, हे त्याच्या जन्मकथेतच दिसते. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल 1974 साली आला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण 1901 मध्ये 972 होते, ते 1971 पर्यंत 930 वर घसरले होते, ही बाब त्या अहवालामुळे ठळकपणे पुढे आली. ही घसरण का झाली, याचे उत्तर एकट्या लोकसंख्याशास्त्राकडे नव्हते, कायद्याकडे नव्हते आणि अर्थशास्त्राकडेही नव्हते. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठातले केंद्र 1987 चे.

पहिल्या सत्रात आमच्या बाईंनी ताराबाई शिंदे यांच्या 1882 सालच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकातली मोजकी पाने वाचायला दिली आणि एवढेच विचारले, की हा कशाचा पुरावा आहे? साहित्यवाल्यांनी ताराबाईंची बोचरी, वाद घालणारी भाषा पकडली. इतिहासवालीने पुस्तकामागची घटना शोधली: सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेवर 1881 मध्ये भ्रूणहत्येचा खटला चालला होता आणि वृत्तपत्रांतून तिच्यावर व एकूण स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जात होते. कायद्याच्या मुलाला प्रश्न पडला, की विधवाविवाहाला 1856 च्या कायद्याने मान्यता दिलेली असताना ताराबाई पुनर्विवाहाच्या बंदीवर इतक्या का चिडल्या आहेत? कायदा आणि जातीची रूढी यांच्यातले अंतर त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा नीट उलगडले. मी गप्प होते. माझ्याकडे विचारायला काहीच नाही, असे मला वाटत होते.

माझी पाळी आकडेवारीच्या तासाला आली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामाला स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुष 97 मिनिटे देतात, असे आहे. वर्गातल्या बऱ्याच जणींनी हे वाक्य तसेच्या तसे निबंधात उतरवले. प्रत्यक्षात ही सरासरी त्या दिवशी असे काम केलेल्यांचीच आहे, आणि असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत 81.2 टक्के, तर पुरुषांत अवघे 26.1 टक्के होते. म्हणजे ते 97 मिनिटेसुद्धा जेमतेम पाव पुरुषांचे. उरलेल्यांचा हिशेब शून्य. कोष्टकाखालची तळटीप वाचण्याची सवय मला वाणिज्य शाखेने लावली होती, म्हणून ते माझ्या नजरेत भरले. नव्याने येणाऱ्यांनी आपली मूळ शाखा दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवू नये, असे मी म्हणते ते यासाठी.

मात्र सगळ्यात मोठा धडा मी माझ्याच चुकीतून शिकले. प्रबंधिकेसाठी मी सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजाच्या कुटुंबांतल्या. माझी मराठी त्यांना कळे, त्यांची मला अर्धवट कळे. एका अक्कांच्या मांडीवर सूप होते. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोरा गुंडाळायचा, टोक मोडायचे. बोलताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. मी विचारले, “अक्का, तुम्ही काय करता?” त्या म्हणाल्या, “काय नाय ताई, घरीच असते.” मी व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले आणि पुढच्या घरी गेले.

असे अकरा तक्ते मी भरले होते. मार्गदर्शक बाईंनी ते पाहिले आणि माझ्यापुढे 1966 चा विडी कामगारांविषयीचा कायदा ठेवला. मालकाकडून किंवा कंत्राटदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारी व्यक्तीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत कामगार होती. कायदा जिला कामगार म्हणत होता, तिला मी गृहिणी ठरवले होते, आणि तेही स्वतः स्त्री-अभ्यासाची विद्यार्थिनी असून! पुढे वाचनात आले, की 1991 च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच ‘शेतावरील किंवा घरच्या उद्योगातील विनामोबदला काम धरून’ अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले होते. प्रश्नच नीट विचारला नाही तर बाईचे काम कागदावर येत नाही, हे अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी लावून धरले होते. मी त्या घरांत परत गेले. या वेळी हजार विड्यांमागे मजुरी किती, वळायला किती वेळ लागतो आणि टोके कोण मोडते, हे विचारले. टोके मोडत होत्या शाळेतून आलेल्या मुली, ज्यांची माझ्या पहिल्या तक्त्यात ‘विद्यार्थिनी’ अशीच नोंद होती.

त्यानंतर माझे मत पक्के झाले. आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक ज्ञानशाखा जोडून घेणारा, अभ्यास करायचा तर कायद्याबद्दल लिहिताना कायद्याच्या माणसाने धरावे तसे कलम धरायचे, आकडा लिहिताना तो कोणाचा आहे हे सांगायचे आणि मुलाखतीतले वाक्य बोलणारीच्या तोंडचेच ठेवायचे. प्रत्येक शाखेचा परीक्षक वेगळा असतो आणि त्यातल्या कोणालाच चुकवता येत नाही. यात श्रम दुप्पट होतात, हे आधीच सांगितलेले बरे.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगते. वाचन बहुतांशी इंग्रजीत असते. पहिले तीन महिने मी रोज चार पाने वाचून त्यांचा आशय मराठीत लिहून काढत असे, आणि त्या वह्या अजूनही उपयोगी पडतात. नोकरीबद्दल कोणी गोड बोलले तर विश्वास ठेवू नये. या विषयात प्राध्यापकपदाच्या पात्रतेची स्वतंत्र नेट परीक्षा आहे, पण महाविद्यालयांत कायमच्या जागा फार थोड्या, आणि बरीच केंद्रे योजनांच्या अनुदानावर चालत आलेली असल्याने शिक्षकांनाही पुढच्या वर्षाची खात्री नसते. संस्था, सर्वेक्षणे, पत्रकारिता, कायदेविषयक मदत या वाटा आहेत, आणि तिथे मूळ पदवी विचारली जातेच.

मी सध्या एका संस्थेसाठी प्रश्नावल्या तयार करते. त्यांत ‘आपण काय करता?’ हा प्रश्न नसतो. ‘काल पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले?’ असा असतो. तो भरून घ्यायला प्रत्येक घरी अर्धा तास जास्त लागतो, आणि त्यावरून दर महिन्याच्या बैठकीत माझी तक्रार होते.