हनुक्का आणि नाताळ: आमच्या घरची खरेदी

मी ठाण्याची बेने इस्राएल (मराठी ज्यू), नवरा वसईचा कॅथलिक. डिसेंबरची खरेदी म्हणून दुहेरी.

हनुक्का म्हणजे आमचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. आधी त्याची तारीख बघा, ती सरकते. 2024 मध्ये पहिली ज्योत नेमकी 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागली. 2026 मध्ये ती 4 डिसेंबरलाच आहे. तेव्हा दिव्यांचं सामान नोव्हेंबरातच आणून ठेवा. मेणबत्त्या लावणार असाल तर रोज एक ज्योत वाढत जाते, त्यामुळे आठ रात्रींना शमाश (बाकीच्या पेटवायची रोजची जादा मेणबत्ती) धरून 44 लागतात. मला तेलाचे दिवेच आवडतात: काचेच्या नऊ वाट्या, कापसाच्या वाती. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून त्यात थोडं तिळाचं तेल मिसळा. (सासूबाई म्हणतात, उन्हात ठेव. संध्याकाळी कुठलं ऊन!)

नाताळचा तारा, गव्हाणीतल्या मूर्ती क्रॉफर्ड मार्केटात मिळतात. अख्खा संच दरवर्षी घेऊ नका. मेंढरू फुटलं तर तेवढंच आणा.

खरी मेख खाण्यात आहे. आमच्यात मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही. म्हणून कलकलांच्या (नाताळच्या तळलेल्या गोड खाऊच्या) पिठात नारळाचं दूध घाला आणि ती तेलात तळा, तुपात नको. लोण्याचा केक हवाच असेल तर सकाळच्या चहाला कापा. आणि बेकरीवाल्याला चरबी कसली वापरतो ते विचाराच, लाजू नका.