शाहनाम्याच्या सुट्या पानावरून आश्रयदाता कसा शोधावा

सुरुवात चित्रापासून करू नका. डोळा तिथेच जाणार, पण आधी मजकूर वाचा.

शाहनामा हे फिरदौसीचं फारसी महाकाव्य आहे. ते बैतांमध्ये, म्हणजे दोन-दोन चरणांत लिहिलेलं आहे. चार रकान्यांच्या पानावर उजवीकडचे पहिले दोन रकाने मिळून एक बैत होतो, पुढचे दोन मिळून दुसरा. चित्राला लागून असलेले बैत आणि चित्रातला प्रसंग जुळतात का, ते पाहा. जुळत नसतील तर पानाची मोडतोड झाल्याची शंका घ्या. इराणातल्या तब्रीझच्या चौदाव्या शतकातल्या मोठ्या मंगोल शाहनाम्याचं असंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देमोत नावाच्या विक्रेत्याने त्याची पानं सुटी केली. काही पानं तर जाडीतून चिरून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या आणि भलत्याच मजकुराशेजारी चिकटवल्या. म्हणून बाजूने तिरका उजेड टाकून चित्राची कड तपासा. जोड असेल तर तिथे उंचवटा दिसतो आणि चौकटीच्या रेघा, म्हणजे जदवल, तुटलेल्या असतात.

आता आश्रयदात्याचं, म्हणजे पोथी करवून घेणाऱ्याचं, नाव शोधा. पूर्ण पोथीत ते सुरुवातीच्या शम्स्यात (सोनेरी वर्तुळात) किंवा शेवटच्या पुष्पिकेत (समाप्तीच्या नोंदीत) सापडतं. सुट्या पानाला दोन्ही नसतात. अशा वेळी कमानीवरची पट्टी, दाराची चौकट, तंबू, निशाण भिंगाखाली वाचा. तैमुरी (तैमूरलंगाच्या घराण्यातला) राजपुत्र मुहम्मद जूकी याचं नाव त्याच्या शाहनाम्यात निशाणावरच रंगवलेलं आहे. हिजरी सन मिळाला तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. इराणचा सफवी घराण्यातला राजा शाह तहमास्प याच्या शाहनाम्यातल्या एका चित्रावर ९३४ आहे, म्हणजे इ. स. १५२७-२८.

सगळ्यात जास्त फसवणारी खूण म्हणजे मुद्रा (शिक्का). मुद्रा मालकाची असते, पोथी करवून घेणाऱ्याची असेलच असं नाही. जूकीच्याच पोथीवर बाबर, हुमायून, जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब यांच्या मुद्रा आहेत. तहमास्पची २५८ चित्रांची पोथी १५६८ मध्ये उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसरा सलीम याला नजर झाली.

फेट्यातून वर उभी लाल काठी दिसली तर काळ सफवी, एवढंच समजा. ती दरबाराची खूण नव्हे, कारण सोळाव्या शतकात शिराझमध्ये विक्रीसाठीही सचित्र पोथ्या तयार होत. शाही खर्च कागदात आणि आकारात दिसतो. तहमास्पचं पान सुमारे ४७ × ३२ सेंमी आहे, समासावर सोन्याचा शिडकावा आहे.

चित्रातला ओढा काळा दिसला तर चित्रकाराने तो काळा रंगवला असं समजू नका. ती चांदी आहे, हवेने काळवंडलेली. जदवलातली हिरवी रेघ बहुधा जंगालाची असते आणि तांब्याचा तो रंग कागद खातो, त्यामुळे पान नेमकं त्या रेघेवर तुटतं. पान समासाला धरून उचलू नका. खाली पूर्ण आकाराचा ताठ पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकटच उलटा.