एरर आला की लगेच कोड बदलू नका: पायथन शिकताना होणाऱ्या चुका आणि त्या शोधायच्या कशा

प्रोग्रॅम रन केला, स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली, की पुढच्या दहा सेकंदांत एखादी ओळ बदलून पुन्हा रन. परत लाल. मग आणखी एक ओळ. अर्ध्या तासाने मूळ चूक जागच्या जागी असते आणि तिच्या सोबतीला चार नव्या आलेल्या असतात. पायथन नव्याने शिकणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. दोष भाषेला दिला जातो, पण समोर काय लिहून आलंय ते कोणी धड वाचलेलंच नसतं.

आधी एक खुलासा. इथे कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवता येतं, 'वय' किंवा 'किंमत' बिनदिक्कत चालतं. पण प्रिंट, इफ, फॉर यांना पर्याय नाही, आणि कोडमध्ये थेट देवनागरी १२ लिहिलं तर 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून अडवलं जातं. गंमत अशी, की वापरणाऱ्याने इनपुट देताना देवनागरी १२ टाइप केलं तर मजकुराचा पूर्णांक करून देणारं इंट() ते निमूटपणे बारा म्हणून स्वीकारतं.

ट्रेसबॅक खालून वर वाचा

एरर आल्यावर जो लांबलचक मजकूर दिसतो त्याला ट्रेसबॅक म्हणतात. त्याची शेवटची ओळ आधी वाचायची. तिथे चुकीचा प्रकार आणि कारण असतं: टाइपएरर, नेमएरर, इंडेक्सएरर वगैरे. मग वर सरकत जायचं आणि स्वतःच्या फाइलचं नाव असलेली सर्वांत खालची ओळ शोधायची. मधे एखाद्या लायब्ररीच्या (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या) पाच-सहा फाइल्स दिसल्या तरी बिचकू नका. चूक बहुतेक वेळा त्या लायब्ररीला तुम्ही जे दिलंत त्यात असते.

सिंटॅक्सएररच्या, म्हणजे लिहिण्याचे नियम मोडल्याच्या, बाबतीत ओळ क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सातव्या ओळीवर कंस उघडा राहिला की जुनं पायथन आठव्या ओळीकडे बोट दाखवतं, आणि आठवी ओळ तर अगदी बरोबर असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून हे बरंच सुधारलं. आता कंस बंद केलेला नाही असं ते स्पष्ट सांगतं, आणि नावाचं स्पेलिंग चुकलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असंही विचारतं. लॅबमधल्या मशीनवर ३.८ असेल तर ही चैन नाही. दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ तपासायची सवय तिथे लागतेच.

आवाज करणाऱ्या, म्हणजे एरर देणाऱ्या, चुकांपैकी बाकीच्या पटकन उरकू. टॅब आणि स्पेस एकाच ब्लॉकमध्ये मिसळले की टॅबएरर येतो. एडिटरमध्ये टॅबच्या जागी चार स्पेस टाकायची सेटिंग एकदा करून टाका. वर्डमधून किंवा पीडीएफमधून कोड कॉपी केला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळलेली येतात. ती दिसायला सुंदर आणि पायथनला अमान्य. लायब्ररी इन्स्टॉल करूनही मॉड्यूलनॉटफाउंडएरर येत असेल, तर मशीनवर दोन पायथन आहेत आणि लायब्ररी भलत्यातच गेली आहे, हा पहिला संशय घ्यावा. नुसतं 'पिप इन्स्टॉल' न लिहिता 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' असं लिहिलं, तर ज्या पायथनने प्रोग्रॅम चालवता त्यातच ती जाते.

एक चूक मात्र जरा नीट बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात कोडची एकही ओळ चुकलेली नसते. आकडा ओळखण्याचा खेळ लिहायचा असतो, म्हणून फाइलला नाव दिलं जातं रँडम.पीवाय. आत पहिलीच ओळ 'इम्पोर्ट रँडम'. पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोधतं, त्याला तिथे रँडम सापडतं, आणि ती तुमचीच फाइल असते. मग 'रँडममध्ये रँडइंट नावाचं काही नाही' असा अ‍ॅट्रिब्यूटएरर. पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलंय, मित्राकडे चालतं, माझ्याकडे नाही, अशी तक्रार ऐकली की आधी फाइलचं नाव विचारावं. टर्टल.पीवाय ही याच घराण्यातली. ३.१३ पासून पायथन स्वतःच नाव बदलायला सुचवतं.

एरर न देणाऱ्या चुका

आतापर्यंतच्या चुका सज्जन म्हणाव्यात अशा. त्या निदान ओरडतात तरी. खरा घात करतात त्या गप्प चुका: प्रोग्रॅम चालतो, उत्तरही येतं, आणि ते चुकीचं असतं.

सगळ्यांत नेहमीची ही:

पहिली = इनपुट("पहिल्या वस्तूची किंमत: ")
दुसरी = इनपुट("दुसऱ्या वस्तूची किंमत: ")
प्रिंट(पहिली + दुसरी)

१२० आणि ८० दिले की उत्तर येतं १२०८०. पायथन ३ मध्ये इनपुट() नेहमी स्ट्रिंग, म्हणजे आकडा न मानलेला नुसता मजकूर, देतं, मग वापरणाऱ्याने काहीही टाइप करो. आणि दोन स्ट्रिंगमध्ये + टाकला की त्या एकमेकींना जोडल्या जातात. "१२०" * ३ केलं तर १२०१२०१२० मिळतं. तुलनेत तर हे आणखी लपून राहतं: "९" > "१०" याचं उत्तर ट्रू येतं, कारण पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी तोललं जातं. सर्वांत जास्त गुण कोणाला हे शोधणारा प्रोग्रॅम सगळे दोन आकडी गुण असेपर्यंत बरोबर चालतो. मग एखाद्याला १०० पडतात आणि तो यादीत तळाला जातो.

उपाय एका ओळीचा आहे. इनपुट जिथे घेता तिथेच इंट() किंवा (अपूर्णांक असेल तर) फ्लोट() लावा, पुढे कुठेतरी आठवेल तेव्हा नको. त्यानंतर व्हॅल्यूएरर दिसायला लागेल, कारण कोणी नुसतंच एंटर दाबेल, कोणी इंट()ला १२.५ देईल, कोणी १,२०,००० असं स्वल्पविरामासकट लिहील. येऊ द्या. तो एरर खरं बोलतोय.

दुसरी चूक मराठी-इंग्रजी बोलण्याच्या सवयीतून येते. 'शहर पुणे किंवा नाशिक असेल तर' हे वाक्य तसंच्या तसं कोडमध्ये उतरतं:

इफ शहर == "पुणे" ऑर "नाशिक":

ही अट कायम खरी ठरते. शहर नागपूर असलं तरीही. पायथन याचे दोन तुकडे करतं: शहर पुणे आहे का, किंवा "नाशिक" ही स्ट्रिंग रिकामी नाही ना? दुसरा तुकडा नेहमीच खरा. लिहायचं असं: इफ शहर इन ["पुणे", "नाशिक"]. चाचणी घेताना लोक पुणे आणि नाशिक याच दोन किमती देऊन बघतात, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने जिवंत राहते. जिथे उत्तर 'नाही' यायला हवं अशी किंमत आधी देऊन बघावी.

लिस्टच्या बाबतीत तीन ठिकाणी पाय घसरतो. 'सुधारित = गुण' लिहिलं की गुणांची दुसरी यादी तयार झाली असं वाटतं. प्रत्यक्षात एकाच घराला दोन पाट्या लागतात. सुधारितमध्ये ग्रेस मार्क टाकले की गुणमध्येही पडतात. वेगळी प्रत हवी तर गुण.कॉपी() वापरा. लिस्टच्या आत लिस्ट असेल तर तेवढ्याने भागत नाही, तिथे डीपकॉपी लागते. दुसरं, 'गुण = गुण.सॉर्ट()' लिहिलं की अख्खी यादी हातची जाते. सॉर्ट() मूळ यादीच क्रमाने लावतं आणि परत देतं नन, म्हणजे काहीच नाही. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड(गुण).

तिसरं ठिकाण असं: [३५, २८, २२, ४०] या यादीतून ३५ पेक्षा कमी गुण काढायचे आहेत. फॉर लूप फिरवून आतच रिमूव्ह() केलं, तर उरतं [३५, २२, ४०]. बावीसवाला वाचला! २८ निघाल्यावर २२ एक घर पुढे सरकून त्याच्या जागी आला, लूप मात्र तोवर पुढच्या जागेवर गेलेला होता. एकापाठोपाठ दोन नापास नसते तर उत्तर बरोबर आलं असतं, म्हणून छोट्या चाचणीत हे सापडत नाही. चालू यादीतून काढत बसण्यापेक्षा हवे तेवढे गुण नव्या यादीत घ्या.

पैशांचे हिशेब फ्लोटमध्ये करू नका. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण हे अपूर्णांक बायनरीत नेमके मांडता येत नाहीत. शिवाय राउंड(२.५) चं उत्तर २ आणि राउंड(३.५) चं ४, बरोबर मधली संख्या आली की पायथन सम संख्येकडे झुकतं. बिल रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवा, किंवा डेसिमल मॉड्यूल घ्या. रेंज(१, १०) नऊवर थांबतं, हे तर सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि सगळेच एकदा विसरतात.

मराठी मजकुराची वेगळीच तऱ्हा

हा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा मिळत नाही. लेन("मराठी") चं उत्तर किती? आपण म, रा, ठी अशी तीन अक्षरं मोजतो. पायथन सांगतं ५. त्याच्या लेखी काना आणि दुसरी वेलांटी ही वेगवेगळी चिन्हं आहेत.

स्ट्रिंग उलटी करायला घेतली की हे नीट दिसतं. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' साधलं. पायथनला 'मरा' उलटायला सांगा, काना सर्वांत पुढे येऊन लोंबकळतो. आणि 'राम' उलटला तर 'मार' होतो. पॅलिन्ड्रोम, म्हणजे उलटसुलट सारखाच वाचला जाणारा मजकूर, ओळखण्याचा प्रोग्रॅम प्रत्येक कोर्समध्ये असतो. त्याला 'नयन' द्या, पास. 'ती होडी जाडी होती' द्या, स्पेस काढून टाकल्या तरी फॉल्स. लॉजिक चोख आहे, फक्त 'अक्षर' कशाला म्हणायचं यावर तुमचं आणि पायथनचं एकमत नाही. रेगेक्स नावाची वेगळी लायब्ररी मिळते (पायथनसोबत येणारी आरई नव्हे), ती मजकूर मात्रांसकट अक्षरांच्या गटांत तोडून देते. जोडाक्षरं ती कशी तोडते हे मात्र आपल्या आवृत्तीवर एकदा बघून घ्या.

विंडोजवर मराठी फाइल उघडली आणि चारमॅप कोडेकची तक्रार आली, किंवा मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर ओपन() मध्ये एन्कोडिंग="यूटीएफ-८" लिहायचं राहिलंय. फाइल बिघडलेली नाही.

स्वतः लावलेलं कुलूप

एररला कंटाळून शिकाऊ मंडळी एक युक्ती शोधतात: ट्राय, खाली एक्सेप्ट, त्याखाली पास, म्हणजे एरर आला तरी काही न करता पुढे जा. लाल अक्षरं गायब. माझ्या मते पहिल्या वर्षात शिकू नये अशी ही एकच गोष्ट. यातून प्रत्येक बोलकी चूक गप्प होते, आणि गप्प चुका शोधणं किती कठीण ते वर आलंच आहे. एक्सेप्ट लावायचाच तर कुठल्या एररसाठी ते नावाने लिहा, एक्सेप्ट व्हॅल्यूएरर असं, आणि आत निदान काय झालं ते प्रिंट करा.

चूक कुठे आहे हेच कळत नसेल, तर व्हेरिएबल नुसतं प्रिंट करू नका, रेप्र() लावून करा. नुसत्या प्रिंटमध्ये "पुणे" आणि शेवटी स्पेस असलेलं "पुणे " सारखंच दिसतं. रेप्र() अवतरणचिन्हांसकट दाखवतं, त्यामुळे लपलेली स्पेस किंवा नवी ओळ उघडी पडते. सोबत टाइप() बघा. तरीही थांग लागला नाही, तर प्रोग्रॅमच्या मध्यावर एक प्रिंट टाकून तिथपर्यंतचं गणित बरोबर आहे का ते तपासा. बरोबर असेल तर खालचा अर्धा भाग घ्या, नसेल तर वरचा. दोनशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये असे सात-आठ टप्पे पुरतात. पण यासाठी बरोबर उत्तर काय यायला हवं ते रन करण्याआधी कागदावर मांडलेलं असलं पाहिजे, नाहीतर १२०८० सुद्धा पटून जातं.

एआयला विचारायला हरकत नाही. फक्त ट्रेसबॅकची शेवटची ओळ काय म्हणते हे स्वतःच्या शब्दांत सांगता आल्यावर विचारा, म्हणजे मिळालेला उपाय त्याच चुकीवर आहे की नाही हे तुम्हाला ओळखता येईल. आणि मदत माणसाकडे मागायची असेल तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नका. पूर्ण ट्रेसबॅक मजकूर म्हणून कॉपी करा, पायथनची आवृत्ती सांगा, कोणतं इनपुट दिलं आणि काय अपेक्षित होतं ते लिहा, आणि तीनशे ओळींऐवजी चूक दाखवणाऱ्या दहा ओळी वेगळ्या काढून द्या. त्या दहा ओळी वेगळ्या काढतानाच पुष्कळदा चूक सापडते आणि मेसेज पाठवावाच लागत नाही.