एम-वन लॅपटॉपवर वेब डेव्हलपमेंट: टूल्स नव्यानेच टाका

इंटेलच्या मॅकवरून एम-वन किंवा त्यापुढच्या चिपच्या मॅकवर आलं की जुनं सगळं उचलून इकडे टाकायचा मोह होतो. फोटो, कागदपत्रं खुशाल आणा. टूल्स, म्हणजे कोड लिहायला-चालवायला लागणारे प्रोग्राम, मात्र आणू नका.

२०२० च्या अखेरीस आलेली ही चिप आर्म आर्किटेक्चरची आहे आणि इंटेलसाठी बनलेले प्रोग्राम तिच्यावर थेट चालत नाहीत. ॲपलचं रोझेटा-२ ते भाषांतर करून चालवतं. सगळं चालतंय असं वाटतं, आणि घोळ नेमका तिथेच सुरू होतो.

सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या ऑफिसात इंटर्नशिपला आलेल्या पोराचा प्रोजेक्ट काही केल्या उठेना. ईएसबिल्ड, म्हणजे कोड बांधून देणारं टूल, सांगत होतं, तुम्ही मला दुसऱ्याच प्लॅटफॉर्मसाठी इन्स्टॉल केलंय. त्यानं कॉलेजच्या पीसीवरून नोड मॉड्यूल्सच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार पॅकेजेसच्या) फोल्डरसकट प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर आणला होता. तो फोल्डर उडवून एनपीएम इन्स्टॉल कमांडनं पॅकेजेस पुन्हा टाकली, पाच मिनिटांत काम झालं. एरर मात्र नीट वाचायला हवी; पोरं ती न वाचताच गूगलवर टाकतात.

सुरुवात टर्मिनलपासून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीपासून करा. 'युनेम' कमांडला 'एम' हा पर्याय दिला की उत्तर 'आर्म६४' यायला हवं. 'एक्स८६' आलं, तर टर्मिनल रोझेटात उघडलंय. टर्मिनल ॲपच्या गेट इन्फोमध्ये जाऊन रोझेटाची खूण काढा. हे न पाहता पुढे गेलात तर त्यावर टाकलेलं बरंच काही गुपचूप इंटेलचं येतं. मग टूल्स इन्स्टॉल करून देणारं होमब्रू: ते 'ऑप्ट' फोल्डरमध्ये बसलं पाहिजे. 'यूएसआर लोकल'मध्ये दिसलं तर ते इंटेलवालं. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड १६ किंवा त्यापुढचं घ्या. १४ साठी आर्मची तयार फाइल नाही, नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम ते सोर्सपासून बिल्ड करत बसतं.

खरी कटकट जुन्या क्लायंटची. चादरीच्या एका व्यापाऱ्याची साइट अजून मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर आहे आणि डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) त्याची आर्मची अधिकृत इमेज, म्हणजे तयार पॅकेज, नाही. प्लॅटफॉर्म 'एएमडी६४' (म्हणजे इंटेलवाला) सांगून इंटेलची इमेज चालवता येते, पण हळू. नवीन कामाला सरळ ८ घ्या. लाइव्ह सर्व्हरवर ५.७ असेल तर मात्र हळू चाललं तरी तेच वापरा, नाहीतर तुमच्याकडे चालणारी क्वेरी तिकडे जाऊन आपटेल.

अजून लॅपटॉप घेतला नसेल तर १६ जीबी रॅमचाच घ्या. नवी पेठेतल्या दुकानात नेऊन ती नंतर वाढवता येत नाही. बजेट अडलं तर स्टोरेज कमी घ्या. एसएसडी बाहेरून जोडता येते.