अध्यापनविषयक संशोधनासाठी अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा

प्रस्ताव कोणाकडे पाठवायचा हे आधी ठरवावे. १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद शिक्षणाकडे समाजविज्ञानाची एक शाखा म्हणून पाहते, तर एनसीईआरटीची ‘एरिक’ ही शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समिती प्रामुख्याने शालेय शिक्षणावरील संशोधनाला अर्थसाहाय्य करते. दोन्हीकडे तोच मजकूर पाठवणे ही सोय असली तरी परीक्षकाच्या ती लगेच लक्षात येते. चालू वर्षाची सूचना आणि अर्जाचा नमुना समोर ठेवूनच लेखनाला बसावे.

त्यानंतर संशोधन प्रश्न लिहावा आणि त्यासाठी हवा तितका वेळ द्यावा. ‘प्राथमिक गणित अध्यापनातील समस्या’ हा प्रश्न नव्हे, तो फार तर ग्रंथालयातील एका कपाटावरचा फलक होईल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ साठी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादातून तपासता येईल असा प्रश्न असा काढता येतो: दुसरीच्या मुलांना ‘साठ तीन’ अशी फोड आधी आणि ‘त्रेसष्ट’ हे रूढ नाव नंतर शिकवल्यास, संख्यांच्या श्रुतलेखनात ६३ ऐवजी ३६ लिहिण्याची चूक कमी होते का? यात इयत्ता, कृती आणि मोजायची गोष्ट या तिन्ही आल्या. पूर्वसंशोधनाचा आढावाही याच प्रश्नाभोवती ठेवावा. गणिताच्या महत्त्वावर दोन पाने खर्च करू नयेत.

सर्वाधिक प्रस्ताव कोसळतात ते नमुना निवडीत. एका तुकडीला नवी पद्धत आणि शेजारच्या तुकडीला जुनी, अशी तुलना केल्यास फरक पद्धतीचा की शिक्षकाचा हे सांगता येत नाही. म्हणून शाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत करावी. एका वर्गातील मुले एकाच शिक्षकाकडे शिकत असल्याने त्यांचे गुण एकमेकांशी मिळतेजुळते असतात, त्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने तीनशे मुले ही तीनशे स्वतंत्र निरीक्षणे ठरत नाहीत. हे साम्य दाखवणारा सहसंबंध ०.२ धरला, तर ३० मुलांचे १० वर्ग घेतल्यावर हाती सुमारे ४४ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती येते. तीच तीनशे मुले १५-१५ च्या २० वर्गांतून घेतली तर ही माहिती सुमारे ७९ मुलांइतकी होते. मुले वाढवण्यापेक्षा शाळा वाढवणे अधिक फायद्याचे, हे दाखवणारा एवढा हिशोब प्रस्तावात असला की पुढील प्रवासखर्चाचे समर्थन वेगळे करावे लागत नाही.

चाचणीचा नमुना प्रस्तावाला जोडावा. श्रुतलेखनाच्या वीस संख्यांत ‘एकोणसाठ’सारख्या संख्या मुद्दाम घ्याव्यात, कारण तिथे मूल ६९ लिहिते, आणि ही चूक अंकांच्या अदलाबदलीपेक्षा वेगळ्या कारणाची असल्याने तिची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. ही चाचणी अभ्यासाबाहेरच्या एखाद्या वर्गात आधी घेऊन पाहिली असेल तर तसे अवश्य लिहावे.

शिक्षणाधिकारी व मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या नावांऐवजी सांकेतिक क्रमांक यांचा उल्लेख थोडक्यात पण नेमका करावा.

वेळापत्रक शाळेच्या सत्राशी बांधावे. शाळा जूनमध्ये उघडतात आणि मंजुरीचे पत्र कधी येईल हे आपल्या हाती नसते. ते डिसेंबरात आले तर दुसरीच्या मुलांची ही संख्यानावे शिकून झालेली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी उरलेले महिने चाचणी सिद्ध करण्यात व शिक्षकांच्या प्रशिक्षणात घालवून प्रत्यक्ष प्रयोग पुढच्या जूनपासून सुरू होईल, अशी तरतूद आधीच लिहून ठेवावी.

अंदाजपत्रकातील प्रत्येक रक्कम आराखड्यातून निघाली पाहिजे: २० शाळा, प्रत्येकी तीन भेटी, म्हणजे ६० भेटी, दिवसाला दोन शाळा होत असतील तर क्षेत्र अन्वेषकाचे, म्हणजे शाळांत जाऊन माहिती गोळा करणाऱ्याचे, ३० दिवस. लॅपटॉपची मागणी टाळता आली तर टाळावी, ती बहुधा पहिल्यांदा खोडली जाते.

सारांश सर्वांत शेवटी लिहावा आणि पूर्ण प्रस्ताव दुसरीला शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेला वाचायला द्यावा. “म्हणजे मी वर्गात नेमके काय करायचे?” असे त्यांनी विचारले, तर कार्यपद्धतीचे प्रकरण पुन्हा लिहावे.