खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचा पंप घेताना
बडोद्याच्या मे महिन्यात टाकीचं पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू घटतो. म्हणून पंप कमी वॅटचा, शक्यतो डीसी (एकदिश विजेवर चालणारा) घ्या; पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी पाणीच तापवते. खोक्यावरचा 'ताशी २००० लिटर' हा आकडा शून्य उंचीचा असतो. खालच्या संपमधून, म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेल्या पाण्याच्या दुसऱ्या टाकीतून, चार फूट वर चढवताना धार बरीच घटते, तेव्हा उंचीचा तक्ता बघूनच पैसे मोजा. २०० लिटरच्या टाकीला वर पोचणारं ताशी ८०० ते १००० लिटर पाणी पुरतं. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मात्र ३०० लिटरच्या टाकीसाठीचा घ्या. नवा स्किमर सुरुवातीला नुसता पांढरा पातळ फेस काढतो. घाबरून परत करू नका. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी नवव्या दिवशी स्किमरच्या कपात काळपट, उग्र वासाचं पाणी जमलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.